माझ्या फोटोचं कुलूप

मला राग लवकर येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. आमच्या घरात राग सगळ्यांनाच येतो, पण आईचा पाच मिनिटांत उतरतो आणि माझा आठवडाभर मुक्कामाला असतो.

त्या सुट्टीत माझा सगळा राग एका फॉर्मवर होता. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शेवटच्या वर्षात जायचं तर कुठल्या तरी कंपनीत इंटर्नशिप करायची आणि त्यात ऐंशी तास हाताने काम करायचं, असा कॉलेजचा नियम. ज्या कारागिराच्या हाताखाली काम केलं, त्याने प्रत्येक तासापुढे सही करायची. एकोणऐंशी भरले तरी वर्ष गेलं. वर्गातल्या बाकीच्यांनी गार हवेची ऑफिसं शोधली, मी लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी शोधली. मला हाताने काम शिकायचं होतं, दुसरं काही नाही.

आणि तिथे तीन आठवडे मी काय केलं? तक्रारींची यादी टाइप केली! 'दार लागत नाही.' 'तिसऱ्या मजल्यावर गचका बसतो.' 'लिफ्टमध्ये कोणीतरी कांदे सांडले आहेत.' फॉर्मवर तास भरले शून्य. शेवटी मी उठले आणि तो फॉर्म कंपनीच्या मालकीणबाईंच्या टेबलावर आपटला.

"मॅडम, मी इथे टायपिंग शिकायला आलेले नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर एक पाटी होती, तिला ओळीने लाल कुलपं लटकलेली. प्रत्येक कुलपावर एका माणसाचा फोटो चिकटवलेला. "ज्याच्या फोटोचं कुलूप आहे तोच शाफ्टमध्ये उतरतो," त्या म्हणाल्या. "कुलूप द्यायचं की नाही हे मास्तर ठरवतात. त्यांच्यापुढे माझंही चालत नाही. जा, त्यांच्यासमोर आपट."

मास्तर म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. साठीला आलेले, अंगाने काटकुळे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण ते शिकवत काहीच नसत. बोलायचेच मुळी मोजून. मी फॉर्म पुढे केला, तर त्यांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "झाडता येतं?"

"येतं."

"मग चल, फॉर्म."

त्या दिवसापासून माझं नावच फॉर्म पडलं.

लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या बोगद्याला शाफ्ट म्हणतात, आणि त्याच्या तळाशी माणूसभर खोल खड्डा असतो. दाराच्या फटीतून लोकांच्या हातातलं जे जे निसटतं ते सगळं तिथे जाऊन पडतं. मी आठ दिवस वेगवेगळ्या इमारतींचे खड्डे झाडले. किल्ल्या, पेन्सिली, एका पायाची चप्पल, कुणाची तरी कवळी! कवळी कुणाची हे विचारत मी मजल्यामजल्यावर फिरले, पण कुणी कबूल होईना. आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते. तिच्या बोटांना डिंकाचे पापुद्रे असतात. माझी काळी बोटं बघून ती म्हणाली, "आम्ही जन्मभर हात खराब केले ते तू खुर्चीत बसावीस म्हणून. आणि तू निघालीस खड्ड्यात." मी म्हटलं, "हो, निघाले." पुढे दोन दिवस आम्ही एकमेकींशी भांड्यांच्या आवाजातून बोललो.

नवव्या दिवशी मास्तरांनी माझा फोटो मागितला. पासपोर्ट साइजचा, रागीट चेहऱ्याचा. त्यांनी तो स्वतः कात्रीने कापला, एका कोऱ्या लाल कुलपावर चिकटवला आणि वरून पारदर्शक पट्टी लावली.

"नीट ऐक, मी दोनदा सांगत नाही," ते म्हणाले. "आत जायच्या आधी वर मशीनच्या खोलीत जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याला हे कुलूप लावायचं. किल्ली एकच, ती तुझ्यापाशी. दोघं आत असले तर दोन कुलपं. बाहेर आलं की आपलं कुलूप आपण काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. कळलं?"

"कळलं."

"कळेल," मास्तर म्हणाले.

त्यांची एक सवय होती. शेवटचं कुलूप काढल्यावर ते स्विचला हात लावण्याआधी शाफ्टमध्ये तोंड घालून ओरडायचे, "कोण आत?" तीनदा. प्रत्येक वेळी थांबायचे, कान देऊन. मी त्यांच्या शेजारी उभी असले, आत चिटपाखरू नाही हे दोघांनाही ठाऊक असलं, तरीही. मला हसू यायचं. एकदा मी बारीक आवाजात "मी भूत" म्हटलं, तर त्या दिवसाच्या तासांवर सही मिळाली नाही.

पण बाकी दिवसांच्या मिळत गेल्या. रुळांना वंगण, दारांचे रोलर, दोरांची तपासणी. बासष्ट तास भरले. अठरा उरले. आणि मग तो शुक्रवार आला.

आठ मजल्यांची इमारत होती. मी खड्ड्यात होते, मास्तर लिफ्टच्या केबिनच्या टपावर. एक रोलर झिजलेला निघाला, तो आणायला मास्तर दुकानात गेले. जाताना त्यांनी आपलं कुलूप काढलं, माझं राहिलं. "मी येईपर्यंत तेवढं पुसून ठेव," एवढं बोलून ते निघून गेले. तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. इंटर्नशिपचा आढावा आजच आहे, अर्ध्या तासात हजर राहा, नाहीतर यादीतून नाव कमी होईल. यादीतून नाव! मी खड्ड्यातून वर आले, फॉर्म उचलला, हेल्मेट तिथेच टाकलं, टॉर्च तसाच जळत राहिला. वॉचमनला सांगितलं, "मास्तरांना सांगा, मी कॉलेजला गेले." आणि सुटले.

पुढे सगळ्यांना मी सांगितलं की गडबडीत कुलपाचं भानच राहिलं नाही. ते खोटं होतं. गेटपाशी मला आठवलं होतं. कुलूप आठव्या मजल्याच्या वर, लिफ्ट बंद, म्हणजे आठ मजले चढायचे आणि आठ उतरायचे. मी वर बघितलं, घड्याळ बघितलं आणि मनात म्हटलं, मास्तर येतीलच की आता, वॉचमनला सांगितलंय. आणि रिक्षात बसले.

कॉलेजात आढाव्याच्या खोलीबाहेर सगळ्यांचे फोन एका खोक्यात जमा करून घेतले. माझा नंबर यायला तीन तास लागले. बाहेर येऊन फोन चालू केला तर एकेचाळीस मिस्ड कॉल. मास्तरांचे, मालकीणबाईंचे आणि आईचे. आईला कारखान्यात फोन हातात घ्यायची परवानगी नसते.

मी पोचले तेव्हा इमारतीखाली ही गर्दी. जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती, कारखान्याचा ॲप्रन तसाच अंगावर. मला बघितल्याबरोबर तिने माझा दंड असा आवळला की तिची बोटं दोन दिवस उमटून राहिली. मग खड्ड्याच्या दारातून मास्तर बाहेर आले. नखशिखांत काळे झालेले, दोन्ही कोपरं सोललेली, एका तळव्यातून रक्त येत होतं. ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी एका बोटाने माझ्या खांद्याला हात लावून पाहिला, रंग वाळलाय का बघतात तसा.

"कुलूप काढ," एवढंच म्हणाले.

झालं असं होतं. वॉचमनची पाळी संपली आणि तो निरोप पोटात घेऊन घरी गेला. मास्तर परत आले तर स्विचला माझं कुलूप, खड्ड्यात माझं हेल्मेट आणि जळता टॉर्च. हाकेला ओ नाही. फोन बंद. मास्तरांनी तीन तास तो शाफ्ट वीत वीत शोधला. केबिनच्या खाली, वर, भिंत आणि रूळ यांच्यामधल्या प्रत्येक सांदीत. इमारतीतले लोक त्यांच्यावर ओरडत होते. सहाव्या मजल्यावरच्या आजींची त्या दुपारी डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ होती, चार महिन्यांनी मिळालेली. लोकांनी कुलूप कापायला कटर आणून मास्तरांच्या हातात दिला, तर त्यांनी तो जिन्यावरून खाली फेकून दिला. मग चौघांनी आजींना खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं. आजी दवाखान्यात पोचल्या तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.

मी आठ मजले चढले. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. मागे मास्तर होते. ते शाफ्टमध्ये वाकून ओरडले, "कोण आत?" तीनदा. तिसऱ्यांदा आवाज फाटला. मला हसू आलं नाही.

मालकीणबाईंनी माझं कुलूप काढून घेतलं. "बासष्ट तासांचं पत्र देते, पुढचं तुझं तू बघ," म्हणाल्या. बासष्टच्या पत्राची किंमत काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. घरी आई म्हणाली, "बस झालं. वर्ष गेलं तर गेलं. माझी मुलगी जिवंत आहे ना." आणि मग इतकी रडली की मला माझाच राग आला. मी अंथरुणात पडून ठरवलं: रडायचं नाही, पळायचं नाही. अठरा तास राहिलेत, ते मी भरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी सहाव्या मजल्यावर गेले. आजींनी दार उघडलं. मी म्हटलं, "ती कुलूपवाली मुलगी मीच." आजींनी मला उभ्या उभ्या जे फैलावर घेतलं ते विचारू नका. "चार महिने! चार महिने मी भिंती चाचपत चालतेय. आता आणखी तीन आठवडे! तुझ्या घाईपायी!" मी मान खाली घालून सगळं ऐकलं. उत्तर द्यायची खुमखुमी एकदाही आली नाही, हे माझ्या बाबतीत नवलच म्हणायचं. शेवटी त्या दमल्या आणि म्हणाल्या, "आता आलीच आहेस तर हे पत्र वाचून दाखव, कुणाचं आहे बघ." ते विजेचं बिल निघालं.

तिथून ऑफिसात गेले. "कुलूप नको, झाडू द्या," मी म्हटलं. मालकीणबाई म्हणाल्या, "नाही." मी बाकावर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी तक्रारींची यादी न सांगता टाइप करून दिली. मास्तर तळव्याला पट्टी बांधून येत-जात होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. चौथ्या दिवशी आईने माझ्या हातात डबा ठेवला. म्हणाली, "त्या माणसाच्या हाताचं कसं आहे ते विचार." पाचव्या दिवशी रात्री फोनवर मास्तरांच्या दोन ओळी आल्या. 'सकाळी नऊ. तीच इमारत.'

नऊला पोचले. खाली कुणी नाही. लिफ्ट बंद. आठ मजले चढून मशीनच्या खोलीत गेले तर मेन स्विचला मास्तरांच्या फोटोचं कुलूप. खाली जमिनीवर लांब दांड्याचा नवाकोरा कटर. मी हाक मारली, "मास्तर!" उत्तर नाही. फोन लावला, बंद. पुन्हा आठ मजले उतरून खड्ड्याचं दार उघडलं. आत मास्तरांचं हेल्मेट पडलेलं आणि जळता टॉर्च.

डोक्यात अशी तिडीक गेली! म्हातारा माझी खोडी काढतोय. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पीत बसला असणार, माझी कशी फजिती होते ते बघत. तेवढ्यात पाण्याचे जार घेऊन एक माणूस आला आणि त्याच्यामागे चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ऑफिसची बॅग घेतलेले.

"पुन्हा बंद?" ते गृहस्थ म्हणाले. "अहो ताई, तुमचे मास्तर तासाभरापूर्वी टपरीवर होते, मी स्वतः पाहिलं. वर कटर आहे ना? कापा आणि चालू करा."

"मी पण पाहिलं," जारवाला म्हणाला. "चहा पीत होते."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. मला शंभर टक्के खात्री होती की आत कुणी नाही. आणि तरी मी तिथे उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे."

"अहो, पण ते बाहेर..."

"दिसले का आत्ता तुम्हाला बाहेर? नाही ना? मग जिन्याने जा!" मी इतक्या जोरात बोलले की जारवाला निमूट जार खांद्यावर घेऊन चालू लागला.

मी शोधायला लागले. खड्ड्याचे चारही कोपरे हाताने चाचपले. मग प्रत्येक मजल्यावर जायचं, दार किल्लीने उघडायचं, टॉर्च मारायचा, वर बघायचं, खाली बघायचं, हाक मारायची. पहिल्या मजल्यावर मी रागात होते. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर मनात आलं, टपरीवर होते ते तासापूर्वी. नंतर कुठे गेले? साठीचा माणूस. तळहाताला पट्टी. पकड सुटली असेल तर? चक्कर आली असेल तर? चौथ्या मजल्यावर टॉर्चच्या उजेडात केबिनचा तळ दिसला, वर पाचव्याला अडकलेला. रुळाच्या मागे काहीतरी पांढरं दिसलं, पट्टीसारखं. ती जुन्या चिंधीची गुंडाळी होती. मी ती ओढून काढली आणि ती हातात धरून तिथेच बसले. हे त्यांनी तीन तास केलं होतं.

मग मी उठले आणि सहाव्या मजल्यावर गेले. आजी दारात उभ्या होत्या, डोळे बारीक करून. "शोध, शोध," म्हणाल्या. मी लिफ्टचं दार उघडलं आणि टॉर्च खाली मारला.

केबिनच्या टपावर मास्तर बसले होते. मांडी घालून, मांडीवर आजींच्या घरची स्टीलची बशी.

पाच मिनिटं मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. अक्कल आहे का, वय काय, मी तुम्हाला बाहेर समजत होते, मी कापणारच होते, चालू केली असती तर, मेला असतात तर! बोलता बोलता रडायला लागले. मास्तरांनी शांतपणे बशी बाजूला ठेवली आणि आपल्या गुडघ्याशेजारचं लाल बटण दाखवलं. ते दाबलेलं होतं. ते दाबलं की वरून कुणी काही केलं तरी केबिन हलत नाही.

"मी काही वेडा नाही," ते म्हणाले. "पण कुलूप लावून बाहेर बसलो असतो तर ते कुलूप खोटं बोललं असतं. ते मला जमत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "भीती वाटली?"

"हो!"

"किती?"

मी नाक पुसलं, दारात बसले, पाय टपावर सोडले आणि जे इतके दिवस लपवलं होतं ते बोलून टाकलं. "मास्तर, मी विसरले नव्हते. गेटपाशी मला आठवलं होतं. पण आठ मजले चढायचा कंटाळा आला."

मला वाटलं, संपलं आता. अठरा तास गेले, वर्ष गेलं. पण ते ऐकल्याशिवाय त्यांनी सही केली असती तर ती सही मला नको होती.

"आज किती मजले चढलीस?" त्यांनी विचारलं.

मी हिशोब केला. "चौदा."

"हं." त्यांनी खिशातून माझा फॉर्म काढला. तो त्यांच्याकडे कसा आला देव जाणे. पुढच्या रकान्यात तारीख टाकली आणि कामाच्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं, 'माणूस शोधणे.' पुढे सही. दुसऱ्या खिशातून माझ्या फोटोचं कुलूप काढून माझ्या हातावर ठेवलं.

"सतरा राहिले," म्हणाले. "ऊठ, रोलर बसवायचाय."

संध्याकाळी पाचला काम संपलं. मास्तरांनी वर येऊन आपलं कुलूप काढलं आणि ते जिना उतरून गेले. मी हत्यारं गोळा केली, माझं कुलूप काढलं, शाफ्टमध्ये तोंड घातलं आणि ओरडले, "कोण आत?" थांबले. "कोण आत?" थांबले. तिसऱ्यांदा ओरडले तर सहाव्या मजल्यावरून आजींचा आवाज आला, "कुणी नाही गं बाई, चालू कर! मला खाली जायचंय!"

माझा हात स्विचवर होता. मास्तर खाली गेले होते हे मला माहीत होतं. जिन्यावर त्यांची पावलं मी ऐकली होती. पण शेवटचं पाऊल ऐकलं नव्हतं, आणि खड्ड्याचं दार जिन्याच्या पायथ्याशीच होतं.

मी कुलूप परत लावलं. आठ मजले उतरले. मास्तर गेटपाशी उभे राहून हात पुसत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि एका बोटाने त्यांच्या खांद्याला हात लावून पाहिला.

"काय गं?" ते म्हणाले.

"काही नाही," म्हटलं, आणि पुन्हा आठ मजले चढायला लागले.